बिनबैलाची गाडी

(दृश्य: परभणी, स्टेशन रोडच्या मागची गल्ली. शटर वर जातं.)

सकाळचे साडेनऊ. शटर अजून अर्धंच वर गेलंय, आणि दोन लेकरं खालून वाकून आत शिरलीसुद्धा.

दुकानाला पाटी आहे. उन्हानं तिच्यावरचं सगळं खाल्लं, ‘रिपेअर’ एवढा शब्द तेवढा उरला. दुकानदाराला अख्खी गल्ली मामा म्हणते. आपणही मामाच म्हणू.

मागच्या भिंतीला थप्पी लागली आहे ती जुन्या डेस्कटॉपची. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, टेम्पोनं इथवर आलेले. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या ऑफिसचा बारकोड चिकटलेला. मामा आधी तो नखानं खरवडतात. मशीनचं जुनं नाव पुसून टाकायची ही त्यांची रीत.

(दृश्य: कॅबिनेट उघडतो. जवळून.)

आता घाई नको. हे काम बघण्यासारखं आहे.

मागचे स्क्रू सुटले, बाजूचा पत्रा सरकला. ब्लोअर लागला आणि पुण्याची धूळ परभणीच्या गल्लीत उडाली. रॅमची पट्टी बाहेर आली. तिच्या पिवळ्या दातांवर मामा शाळेतलं साधं खोडरबर घासतात. दोन्ही बाजूंनी, हलक्या हातानं, आणि वर एक फुंकर. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालीय. ती स्पिरिटनं पुसायची आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावली की बाहेर येते, कमी लावली की मशीन तापतं. हे प्रमाण कुठं शिकलात, विचारलं तर मामा हसले. “दोन मशीनं जाळून.”

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. जुनी हार्ड डिस्क निघाली, तिच्या जागी एसएसडी, तिची वेगवान नवी बहीण, बसली. मग पेन ड्राईव्ह लावला आणि एफ-बारावर बोट ठेवून मामा थांबले.

या मशीनमध्ये इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाईव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे. यंत्र ठणठणीत. पण विंडोज 11 ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे नांगराला चालणारा बैल, केवळ दात मोजून बाजारातून माघारी पाठवला.

म्हणून पेन ड्राईव्हमध्ये लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारी, कुणीही फुकट घ्यावी आणि बदलावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम; तिचा कुबुंटू नावाचा अवतार. मामांना मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं काही पडलेलं नाही. चोरीचं विंडोज टाकून दिलं की पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक व्हायरस घेऊन दारात उभं राहतं, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे देत नाही. त्यांचा हिशेब एवढाच.

(दृश्य: पडद्यावर इन्स्टॉलेशनची पट्टी पुढे सरकते. लेकरांचे चेहरे.)

पडद्यावर जे उघडलं, ते केडीई, लिनक्सचा दिसणारा चेहरा. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, विंडोज वापरलेल्या माणसाला फार शोधावं लागत नाही. हे काम 1996 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये शिकणाऱ्या माटियास एटरिश नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं. जगात जर्मनी, भारतात परभणी. म्हण इतकी नेमकी लागू पडलेली आम्ही तरी याआधी पाहिली नव्हती.

आणि पहिला प्रश्न आला. तो कायम हाच असतो.

“मामा, याच्यावर गेम चालतेत का?”

(दृश्य: जुन्या मॉनिटरवर डूम.)

प्रश्न लेकरांच्या वयापेक्षा जुना आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स जाहीर केलं 1991 मध्ये. 1994 मध्ये डूम हा गाजलेला गेम त्यावर चालू लागला होता, तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरच्याच एका माणसानं, डेव्ह टेलरनं, तो आणला. 1998 मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गेम लिनक्सवर आणायचे आणि विकायचे, एवढाच तिचा धंदा. 2002 मध्ये ती बंद पडली. सॅम लँटिंगा हा तिथला मुख्य प्रोग्रॅमर. त्यानं 1998 मध्ये लिहायला घेतलेली एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे गेमची चित्रं, आवाज, बटणं सांभाळणारा तयार कोड, मात्र कंपनीबरोबर गेली नाही. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

2013 च्या फेब्रुवारीत व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम, तिचं गेमचं ऑनलाईन दुकान, लिनक्सवर आणलं. गाजावाजा झाला, पण मोठे गेम आले नाहीत. गेमवाले म्हणायचे, खेळणारे कुठायत? खेळणारे म्हणायचे, गेम कुठायत? विहिरीत पाणी नाही म्हणून मोटार नाही आणि मोटार नाही म्हणून विहीर उपसत नाही, अशी गत.

ही कोंडी फोडली एका दुभाष्यानं.

(दृश्य: लाकडी पेटी. पिवळा पडलेला उर्दू कागद. त्यावर फिरणारं बोट.)

हा कागद मामांच्या घरचा. निजामाच्या काळातला, शेताचा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मोकळा झाला, पण त्याआधीचे असे कागद अजून पेट्यांत पडून आहेत आणि ते उर्दूत आहेत. वाचायला गावातला एक म्हातारा माणूस बोलवावा लागतो. तो ओळीवर बोट ठेवतो आणि मराठीत सांगत जातो. त्याला तहसीलदार व्हावं लागत नाही. कागद बदलत नाही, शेत बदलत नाही.

वाईन हे सॉफ्टवेअर असाच माणूस आहे. 1993 पासून त्याचं काम चालू आहे. विंडोजसाठी लिहिलेला गेम म्हणतो, ही फाईल उघड, खिडकी काढ, आवाज दे. वाईन ते ऐकतं आणि लिनक्सला कळेल असं पुढं सांगतं. चित्रांचं काम त्याहून अवघड. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्ट-थ्रीडीशी बोलतात. त्याचं व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या चित्रांच्या भाषेत, भाषांतर करतं डीएक्सव्हीके. फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरनं ते आधी स्वतःच्या हौसेनं लिहायला घेतलं होतं. वाईन, डीएक्सव्हीके आणि असेच इतर तुकडे एकत्र बांधून व्हॉल्व्हनं 21 ऑगस्ट 2018 ला प्रोटॉन जाहीर केलं. 2022 मध्ये आलेला स्टीम डेक, व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र, याच गाठोड्यावर चालतो. आम्हाला चित्रणासाठी तो मिळाला नाही, म्हणून इथं दिसणार नाही.

दिसतंय ते मामांचं मशीन. सहावी पिढी. तिच्या आतल्या ग्राफिक्सला व्हल्कन येतं, आणि हेच आमच्या गोष्टीचं मर्म आहे. विंडोज 11 नं नाकारलेलं हे यंत्र प्रोटॉनला चालतं. मोठे, अवजड गेम ते ओढणार नाही, हे मामा आधीच सांगतात. छोटे ओढतं.

(दृश्य: पडद्यावर हिरवं शेत. माऊसवर लहान हात.)

हा स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं बनवला, 2016 मध्ये. त्याच वर्षी जुलैत लिनक्सवर आला. याला दुभाष्याही लागत नाही. गेम शेतीचा आहे. खेळणाऱ्या पोराचं घरही शेतीचं. कापूस नाही, सोयाबीन नाही, याबद्दल त्याची तक्रार आहे. पण एक गोष्ट त्याला फार आवडते. या गेममधल्या टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला, की उद्या पाऊस पडतो.

मागच्या खुर्चीवर पोराचे वडील बसलेत. ते काही बोलले नाहीत.

(दृश्य: वीज जाते. अंधार. यूपीएसची टिकटिक.)

वीज गेली. पाऊण तासानं आली. मधला भाग कापलाय.

(दृश्य: दुसऱ्या पोराच्या मशीनवर चूक दाखवणारी चौकट.)

आता रागाची गोष्ट. जाळ्यावर दहा-दहा, शंभर-शंभर जणांनी मिळून खेळायचे गेम असतात. त्यात लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असतं, अँटी-चीट. बॅटलआय आणि इझी अँटी-चीट ही त्यातली दोन मोठी नावं, आणि दोघांनीही 2021 च्या सप्टेंबरात प्रोटॉनसाठी दार उघडलं. फक्त गेम बनवणाऱ्यानं होय म्हणायचं. काहींनी म्हटलं. काहींनी अजून म्हटलेलं नाही. आणि एपेक्स लेजंड्ससारखा गेम आधी होय म्हणून 2024 मध्ये फिरला. लिनक्सच्या वाटेनं लबाड घुसतात, असं कारण दिलं. लबाड घुसतात हे खरंच. पण ते विंडोजवरही घुसतातच, तिथं कुणी दार बंद केलेलं ऐकलं नाही.

या पोराचा गेम कोणता ते सांगत नाही. महिनाभर तो चालत होता, एका अपडेटनं बंद झाला. पोरगं आता क्रिकेटला जातं.

(दृश्य: कॉलेजचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन दुकानात येतो.)

आणि आता ज्याच्यासाठी आम्ही कॅमेरा लावून चार दिवस बसलो होतो, ते.

हा इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. त्यानं गेम बनवलाय. पोळ्याचा. बैल सजवायचा, शिंगं रंगवायची, झूल घालायची, वेशीपर्यंत न्यायचा आणि पुढच्या टप्प्यात गाडीला जुंपून पळवायचा. पायथन या भाषेत, पायगेम हे गेम बनवायचं साधन वापरून लिहिलाय. पायगेम उभं आहे एसडीएलवर. तीच, बंद पडलेल्या लोकीवाल्या लँटिंगाची. म्हणजे लिनक्सवर गेम नेण्याची निम्मी वाट यानं न कळत आधीच चाललेली आहे. तरी त्याला विचारलं, लिनक्सवर काढणार का? तो म्हणाला, “तिथं कोण खेळतंय? तक्रारीच जास्त येतील.”

मामा म्हणाले, “आण इकडं.”

(दृश्य: गेम सुरू होतो. ढोलाचा आवाज. गाडी पळते.)

बघा.

वेस आहे, तोरण आहे, धुरळा आहे. गाडी पळतेय. बैल नाही.

“दादा, बैलच दिसंना!”

दुकानात इतकं हसू आम्ही चार दिवसांत ऐकलं नव्हतं. मुलगा मात्र पांढरा पडला. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आहे आणि तिथं बैल रोज दिसतो.

मग तीन डोकी एका पडद्यावर वाकली. दहा-बारा मिनिटं गेली, आम्ही ती सगळी ठेवली आहेत. चित्राच्या फाईलचं नाव मोठ्या ‘बी’नं सुरू होतं. कोडमध्ये तेच नाव लहान ‘बी’नं लिहिलंय. विंडोजला दोन्ही सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. फाईल सापडली नाही, तर सोडून पुढं जा, असं कोडमध्ये त्यानंच लिहून ठेवलेलं. त्यामुळे गेम कोसळलाही नाही, बैल सोडून पुढं गेला. (देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं. फाईलला ‘बैल’ असं नाव दिलं असतं, तर हा घोळच झाला नसता. हे वाक्य संपादनात काढायला सांगितलं होतं, आम्ही ठेवलं.)

एक अक्षर बदललं.

(दृश्य: बैल. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. गाडी वेशीतून जाते.)

तक्रारी जास्त येतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न हा छोट्या कंपनीचा गेम आहे. तो बनवणाऱ्यानं 2021 मध्ये स्वतःच हिशेब मांडला होता. सुमारे 12,000 प्रती विकल्या, त्यातल्या 700 लिनक्सवाल्यांनी घेतल्या. शंभरात सहासुद्धा नाहीत. आणि आलेल्या 1,040 तक्रारींपैकी 400 च्या आसपास त्यांच्या. पण त्या 400 मध्ये फक्त लिनक्सवरच होणारा बिघाड किती? तीन. बाकी सगळे सगळ्यांच्याच मशीनवर होते. विंडोजवाले ते सोसून खेळत होते, नाहीतर गेम बंद करून झोपत होते. लिनक्सवाल्यानं लिहून कळवलं. काय केल्यावर बिघडतं, कितव्यांदा बिघडतं, गेमच्या नोंदींचा लॉग काय म्हणतो, सगळं.

एवढं कुणाला पगार देऊन करून घ्यायचं म्हटलं, तर परवडत नाही.

स्टीमच्या मासिक पाहणीत 2025 च्या ऑक्टोबरात लिनक्सवाले पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेले. थोडेच आहेत. मामांच्या थप्पीतली मशीनं त्यात धरली आहेत की नाहीत, देव जाणे.

(दृश्य: संध्याकाळ. शटरबाहेर गाड्यांचे दिवे. मुलाचा फोन वाजतो.)

मुलगा घरी जाऊन जेवायला बसला होता. दुकानातल्या धाकट्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅप आला, मामांच्या फोनवरून. तो आम्ही जसाच्या तसा पडद्यावर ठेवतोय.

‘दादा दुसऱ्या टप्प्यात घुंगराचा आवाज येईना. पहिल्यात येतो. तीन डाव खेळलो तिन्ही डावांत येईना. कुबुंटू आहे. फाईलचं नाव बघितलं, मोठा जी आहे. कोड तुमच्याकडं आहे.’

त्यानं हात धुतला आणि लॅपटॉप उघडला.