पंधराव्या वर्षाची गाडी

नमस्कार मंडळी. आज गाड्यांवर बोलायचंय, पण मायलेज, सर्व्हिसिंग, कुठला टायर चांगला असलं काही विचारू नका, आज फक्त भांडणाविषयी बोलू. म्हणजे बघा, अमेरिकेतल्या एखाद्या गाडीवेड्या घरातल्या तीन पिढ्या एका खोलीत बसवा आणि विचारा की एकच गाडी मिळणार असेल तर कुठली घ्याल. आजोबा डोळे मिटून मस्टँग म्हणणार, मुलगा म्हणणार जपानी स्पोर्ट्स कार, सुप्रा नाहीतर स्कायलाइन, आणि नात म्हणणार मला तो जपानचा पिटुकला ट्रक द्या, ज्याचं इंजिन मोटरसायकलपेक्षाही लहान असू शकतं. मग पुढचा तासभर तिघं एकमेकांची अक्कल काढत बसणार.

लोक म्हणतात वय वाढलं की आवड बदलते. मला ते फारसं पटत नाही. माझं मत असं की पंधरा-सोळा वर्षांचे असताना जी गाडी आपल्याला मिळूच शकत नव्हती ती डोक्यात एकदा घुसते आणि मग तिथंच पार्क होते, कायमची. पुढं माणूस काहीही चालवो, फॅमिली कार चालवो, कंपनीची गाडी चालवो, आत कुठंतरी तीच गाडी उभी असते.

आता आजोबांचं उदाहरण घ्या. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डनं मस्टँग लोकांसमोर आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढं. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार ऑर्डरी आल्या आणि वर्षभरात ४ लाखांवर गाड्या खपल्या. आता गंमत बघा, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जी पोरं जन्मली ती १९६४ मध्ये बरोब्बर अठरा वर्षांची झाली होती. लांबलचक बॉनेट, आखूड डिकी, आणि खाली मात्र फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कन गाडीचे पार्ट. सुरुवातीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला १०१ हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, म्हणजे दिसायला रांगडी आणि चालायला मवाळ. पण दिसणं महत्त्वाचं होतं ना, अठराव्या वर्षी अजून काय महत्त्वाचं असतं?

आणि तेव्हासुद्धा नाकं मुरडणारे होतेच बरं का. त्यांच्या आधीच्या पिढीतले काही अमेरिकन सैनिक युद्धात इंग्लंडला जाऊन आले होते, तिथं त्यांनी एमजीच्या दोन सीटच्या उघड्या गाड्या पाहिल्या आणि येड लागलं. युद्धानंतरची एमजी टीसी म्हणजे १२५० सीसी, पन्नासपेक्षा थोडी जास्त हॉर्सपॉवर, सायकलीसारखी बारीक चाकं, पावसात गळणार, थंडीत गारठवणार. या लोकांच्या मते स्पोर्ट्स कार म्हणजे ही, वळणावर जिचा कस लागतो ती. मस्टँग त्यांच्या लेखी पोरांचं खेळणं. म्हणजे आज जे आजोबा नातीच्या ट्रकला हसतात त्यांनाही कुणीतरी असंच हसलेलं आहे, फक्त ते आता विसरलेत.

त्याच १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटियाकनं जीटीओ नावाची गाडी काढली. मधल्या आकाराच्या गाडीत किती मोठं इंजिन घालायचं याला जनरल मोटर्सची स्वतःचीच मर्यादा होती, तर यांनी सरळ ऑप्शन पॅकेज म्हणून ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि वरच्या साहेबांना जरा उशिरानंच कळू दिलं. मसल कारचा, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन घातलेल्या गाड्यांचा, जमाना खरा तिथून पेटला. आणि पेटला तसा विझलाही लगेच, १९७० च्या आसपास विमा कंपन्यांनी तरुण ड्रायव्हर आणि मोठं इंजिन अशी जोडी दिसली की हप्ता आभाळाला भिडवायला सुरुवात केली, त्याच वर्षी प्रदूषणाचा कडक कायदा आला, मग १९७३ चा तेलाचा झटका, मग हायवेवर ५५ मैलांची मर्यादा. कॉर्व्हेट म्हणजे शेवर्लेची स्पोर्ट्स कार, पण १९७५ ची साधी कॉर्व्हेट, ५.७ लिटरचं इंजिन असून, फक्त १६५ हॉर्सपॉवर! मोजायची पद्धत मध्ये बदलली होती हे खरं, तरी पण १६५ म्हणजे १६५, काय बोलायचं.

मग त्या काळात जो पोरगा पंधरा वर्षांचा होता त्यानं काय स्वप्न बघायचं? त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं भिंतीवर लँबोर्गिनी काउंटाशचं पोस्टर लावलं. पाचरीसारखी गाडी, वर उघडणारी दारं. ती मागं घ्यायची तर मागचं काही दिसत नाही म्हणून ड्रायव्हर दार वर करून, उंबऱ्यावर बूड टेकवून, मान बाहेर काढून गाडी मागं घ्यायचा. पोस्टरवर हे कुठं दिसतं! पोस्टरवरची गाडी कधीच रिव्हर्स घ्यावी लागत नाही.

त्याच्या पुढच्यांचं तर अजून वेगळं. नव्वदच्या दशकातल्या पोरांनी गाडी आधी टीव्हीच्या स्क्रीनवर चालवली, प्लेस्टेशनवर, हातात कंट्रोलर घेऊन. निसान स्कायलाइन जीटी-आर अमेरिकेत विकायला नव्हतीच, पण गेममध्ये होती, आणि पोरांना तिच्या टर्बोचे प्रकार पाठ होते, रंगांचे कोड पाठ होते. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० हॉर्सपॉवरच्या वर जाहीर करायची नाही, त्यामुळं कागदावर सगळे २८०, आणि खरं किती ते ज्याचं त्याला माहीत. अमेरिकेत असला नियम आहे की तिथं कधी न विकलेली परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की सुरक्षेच्या नियमातून सुटते आणि आणता येते. त्यामुळं १९९९ मध्ये निघालेली स्कायलाइन जीटी-आर, आर ३४ नावाचं मॉडेल, २०२४ पासून रीतसर आणता यायला लागली. आता हिशोब करा, १९९९ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला पोरगा २०२४ मध्ये चाळीशीत. नोकरी जमलेली, बँकेत पैसे असलेले, आणि पंधराव्या वर्षीची गाडी बोटीतून उतरतेय. भाव चढणार नाही तर काय होणार?

पण इथं एक मेख आहे, आणि ही माझ्या गुडघ्यांशी संबंधित असल्यामुळं जरा थांबून सांगतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत असं आपण म्हणतो ना, ती म्हण स्पोर्ट्स कारसाठीच केलेली असावी. विशीत माणूस कसल्याही खड्ड्यासारख्या सीटमध्ये उडी मारून बसतो पण खिसा रिकामा. पन्नाशीत खिसा भरलेला, पण बसताना एक हात छताला, एक हात दाराला, तोंडातून आपोआप आवाज निघतो आणि उतरताना तर दोन हप्त्यांत उतरावं लागतं. मी एकदा अशा एका गाडीतून उतरलो तेव्हा शेजारच्या पोरानं काळजीनं विचारलं की काका, मदत करू का. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणालो.

म्हणूनच तिकडं बरेच लोक त्या वयात उंच ट्रककडं, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या पिकअपकडं वळतात. सीट कमरेच्या उंचीला, नुसतं सरकून बसायचं. तरुण पोरं म्हणतात बघा, म्हाताऱ्यांना मोठेपणा मिरवायचाय. मिरवणारे असतातच, नाही कशाला म्हणू, पण निम्मं काम गुडघ्यांनी केलेलं असतं.

आता ट्रकची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात आवड कमी आणि कायदे जास्त आहेत. १९२५ मध्ये फोर्डनं मॉडेल टी ला मागं पत्र्याचा हौदा लावून विकायला काढलं, २८१ डॉलरला. निव्वळ अवजार, फावडं-घमेल्याच्या जातीचं. ऑस्ट्रेलियात एक किस्सा फार सांगतात, तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहिलं म्हणे, की अशी गाडी द्या जिच्यातून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील. त्यातून १९३४ मध्ये त्यांची ती प्रसिद्ध 'यूट' आली, पुढून कार आणि मागून ट्रक.

मग कोंबडी आली. हो, कोंबडीच. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी बदल्यात ज्या परदेशी मालावर कर लावला त्यात छोटे ट्रक होते, २५ टक्के. कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं, ट्रकवरचा कर मात्र तसाच राहिला. सुबारूनं त्याच्यातून सुटायला आपल्या ब्रॅट नावाच्या पिकअपच्या उघड्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन प्लॅस्टिकच्या सीट बसवल्या आणि सांगितलं, हा ट्रक नाहीच, ही प्रवासी गाडी आहे! धरायला दोन दांडे, बस्स. आणि ज्यांनी लहानपणी त्या सीटवर बसून धूळ खाल्लीय ते आज पन्नाशीत ती गाडी शोधत फिरतात.

त्यातच १९७५ च्या इंधनाच्या कायद्यातून असं झालं की कारला नियम कडक आणि ट्रकला सैल. कंपन्यांना इशारा पुरेसा होता. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून अमेरिकेतला सगळ्यात जास्त खपणारा पिकअप आहे, आणि २०१८ मध्ये तर फोर्डनं जाहीर केलं की तिकडं मस्टँग सोडून जवळजवळ सगळ्या कार बंद. ट्रक बदलला कसा बघा, आधी छोटी केबिन, लांब हौदा. आता चार दारांची केबिन, आत लेदर, मोठ्ठा स्क्रीन, आणि हौदा मागं शेपटीसारखा उरलाय. बऱ्याच जणांना साडेपाच फुटांचाच मिळतो. ज्या पोरानं बालपण अशा ट्रकच्या मागच्या सीटवर काढलं त्याच्या दृष्टीनं ट्रक म्हणजे फॅमिली कार, शाळेत सोडणारी गाडी. तिचं पोस्टर कोण लावणार?

आजच्या पोरांना गाड्यांचं वेडच नाही असं म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या पोरांपैकी साधारण ४६ टक्क्यांकडं लायसन्स होतं, २०१४ पर्यंत ते प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर आलं. पण विमा महाग, गाडी महाग, आणि मित्र फोनमध्येच भेटतात, मग घाई कशाला. ज्यांना वेड आहे त्यांना मात्र आपल्यापेक्षा जास्तच आहे. त्यांना इंजिनचा आवाज नसला तरी चालतो, आमच्या पिढीला नाही चालत, म्हणून तर डॉज कंपनीनं आपल्या चार्जर नावाच्या मसल कारच्या इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये खोट्या आवाजाची सोय केली. आणि फोर्डनं चार दारांच्या इलेक्ट्रिक गाडीला मस्टँग नाव दिलं तेव्हा किती आजोबांचं ब्लडप्रेशर वाढलं असेल, विचारू नका.

तर नातीचा तो पिटुकला ट्रक. त्याला जपानमध्ये केई ट्रक म्हणतात, इंजिन ६६० सीसीपर्यंत, आताच्या नियमानं लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर, त्याच्या पुढं जायचं नाही. तोही त्याच पंचवीस वर्षांच्या नियमानं अमेरिकेत येतो, काही राज्यांत नोंदणीवरून वाद आहेत, तरी येतो. आणि त्याचा हौदा, मंडळी, साधारण सहा फुटांचा असतो! म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या अवाढव्य ट्रकच्या साडेपाच फुटी हौद्यापेक्षा लांब, आणि तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात. आजोबा आधी हसतात, मग गुपचूप टेप घेऊन मोजायला जातात, मग टायर लाथेनं ठोकून बघतात, आणि मग चहूबाजूंनी फिरून म्हणतात की आमच्या वडिलांकडं असलंच काहीतरी होतं.

अडचण एकच, स्टिअरिंग उजवीकडं. तिकडं टोलनाक्याची खिडकी येते डावीकडं, ड्रायव्हरचा हात काही पोचत नाही. त्यामुळं नात हल्ली कुठंही निघाली की आजोबांना डावीकडं बसवते, खिडकी खाली, हातात सुटे पैसे.