दोन न्यायाधीश, एक सुनावणी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे कोर्ट म्हटलं की एकच शिडी डोळ्यांपुढे येते: तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. अमेरिकेत तसं नाही. तिथे केंद्र सरकारने मान्यता दिलेली ५७० हून अधिक आदिवासी राष्ट्रं, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारे मूळ रहिवाशांचे समाज, आहेत आणि त्यांतल्या अनेकांची स्वतःची कोर्टं आहेत. शिवाय राज्यांची वेगळी, केंद्राची वेगळी. खटला कुठे चालणार हे जागा, गुन्हा, आरोपी आणि फिर्यादी पाहून ठरतं.

या गुंत्यात माणसं भरडली जातात. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की आदिवासी नसलेल्या माणसावर आदिवासी कोर्टाला फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे बायको आदिवासी, नवरा बाहेरचा, आणि संसार तिच्या लोकांच्या भूमीवर. त्याने तिला मारलं, तरी तिच्याच राष्ट्राच्या कोर्टाचे हात बांधलेले. २०१३ मध्ये संसदेने घरगुती हिंसेपुरता हा अधिकार परत दिला. तोवर ३५ वर्षं गेली होती! २०२२ मध्ये त्याची कक्षा आणखी वाढली.

पण संसदेची वाट न पाहताही बरंच करता येतं. मिनेसोटा राज्यात लीच लेक हे ओजिब्वे लोकांचं राष्ट्र आहे. १९५३ च्या कायद्याने तिथले फौजदारी खटले राज्याकडे गेले, तेही या लोकांना न विचारता. मनं कशी जुळणार? तरीही २००६ मध्ये आदिवासी कोर्टाच्या न्यायाधीश कोरी वाहवासक आणि कॅस काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राज्य न्यायाधीश जॉन स्मिथ यांनी एकत्र कोर्ट चालवायला घेतलं. दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हा पुन्हा पकडले जाणारे लोक त्यांच्यापुढे यायचे. नुसतं तुरुंगात टाकायचं नाही. व्यसनावर उपचार, वरचेवर तपासणी आणि ठरावीक दिवशी दोन्ही न्यायाधीशांपुढे हजेरी. दोन गावांतली दोन न्यायदालनं व्हिडिओने जोडलेली असायची. यासाठी नवा कायदा लागला नाही, दोन कोर्टांमधला एक छोटा करार पुरला. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कुणीही आपला अधिकार सोडला नाही. दोघांनी तो शेजारी बसून वापरला. पुढे इटास्का काउंटीतही असं कोर्ट उभं राहिलं.

कॅलिफोर्नियात २०१० पासून आदिवासी आणि राज्य कोर्टांचे न्यायाधीश एका मंचावर नियमित बसतात. मारहाण करणाऱ्याने जवळ येऊ नये, असा आदेश एका कोर्टाने दिला की देशभर सगळ्यांनी तो मानायचा, असं केंद्राचा १९९४ चा कायदा सांगतो. पण रात्री दारात आलेल्या पोलिसाला तो आदेश त्याच्या यंत्रणेत दिसला नाही तर? म्हणून आदिवासी कोर्टाचा असा आदेश राज्याच्या कोर्टात नोंदवण्याची सोपी पद्धत तिथे घालून दिली. त्या बाईला त्याच संरक्षणासाठी दुसऱ्या कोर्टात पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागत नाही.