स्वतःचाच धूर पिणारं इंजिन

[दृश्य : हडपसरमधलं गॅरेज. बॉनेट उघडं. दहाचा पाना फिरतोय.]

गाडी २०१२ची, डिझेल. मालक शाळेत शिक्षक. घर ते शाळा चार किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ सिग्नलवर. तक्रार एकच : चढावर गाडी ओढत नाही, वर मागून काळा धूर. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला. फरक शून्य.

उस्तादांनी दोन मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकला, ते बंद करायला लावलं आणि पोराला म्हणाले, "इजीआर खोल रे."

[दृश्य : इजीआर व्हॉल्व्ह (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बाहेर येतो. क्लोजअप.]

काजळी म्हटलं की कंदिलाच्या काचेवरची भुकटी आठवते. ही तशी नाही. ही ओलसर, डांबरासारखी चिकट. अंगठा जाईल एवढी वाट होती, आता करंगळीही अडते.

एप्रिल २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर आणि आणखी काही शहरांत बीएस-४ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुरावरची नवी सरकारी मर्यादा. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मुभा किलोमीटरमागे अर्धा ग्रॅम होती, ती पाव ग्रॅमवर आली. सिलिंडरमधली आग फार तापली की हे वायू तयार होतात. मग युक्ती अशी, की थोडा धूर इजीआर व्हॉल्व्हमधून परत इंजिनालाच पाजायचा. त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून आग मवाळ. पण धुरासोबत काजळी येते, आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली वाफ बाहेर काढणाऱ्या, नळीतून ऑइलची वाफही त्याच वाटेला लागते. दोन्हींची गाठ पडली की हे डांबर.

जोर लावायची वेळ आली की व्हॉल्व्हने मिटायला हवं. इथे काजळी मध्येच अडकलीय, तो मिटतच नाही. हवेच्या जागी धूर शिरतो, डिझेल अर्धवट जळतं. चढावरचा काळा धूर तो हाच.

[दृश्य : ट्रेमध्ये सुटे भाग, जुना टूथब्रश.]

विजेची मोटर वेगळी काढून बाजूला ठेवली. तिला ओलं करायचं नाही. बाकीचा भाग क्लीनरमध्ये भिजवायचा, लाकडी काडीनं खरवडायचा. स्क्रू-ड्रायव्हर नको, व्हॉल्व्हच्या बैठकीवर ओरखडा उठला तर सगळी मेहनत वाया. इनटेक मॅनिफोल्डही, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा नळ, खाली उतरवलाय. इंजिनाच्या उघड्या तोंडांत फडकी कोंबलीत. खपली आत पडली तर खर्च दहापट.

चालू इंजिनात इनटेकमधून स्प्रे मारायचा सोपा उपाय अनेकजण करतात. डिझेलच्या बाबतीत तो धोक्याचा. या इंजिनाला स्पार्क प्लग नाही. हवेबरोबर जे जळण्याजोगं आत जाईल ते त्याचं इंधन. स्प्रे जास्त झाला तर इंजिन बेफाम पळतं, आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. इंजिनात हायड्रोजन सोडून काजळी काढायची मशीनही असतात. त्यांच्याबद्दल आमचं मत विचाराल, तर तो गॅस जळतो सिलिंडरमध्ये आणि हे डांबर बसलंय त्याच्या अलीकडे. तिथवर पोचायला पानाच लागतो.

नाना पेठेतून नवं पॅकिंग आलं. जोडणी झाली. पहिल्या स्टार्टला एक काळा लोट निघाला, पोरगं खोकत बाजूला झालं. मग धूर विरळ होत गेला.

[दृश्य : दिवे घाट. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढतेय.]

सर आरशात मागे पाहतात. रस्ता स्वच्छ दिसतोय.

"उस्ताद, परत कधी करावं लागेल?"

"शाळा अजून चार किलोमीटरवरच ना, सर? एवढ्यात इंजिन नीट तापत नाही, म्हणून काजळी साचते. मग महिन्यातून एकदा तरी असं घाटात आणा. नाहीतर या दोन-तीन वर्षांनी."