लेअर कोंबडीचे मांस : प्रयोगशाळेतून बचत गटापर्यंत

मित्रहो, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आज बरेलीजवळच्या इज्जतनगरची म्हणून ओळखली जात असली, तरी तिची सुरुवात १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच एका जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेच्या रूपाने झाली. पुढे १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरच्या डोंगरात हलवण्यात आली. बुळकांडीसारख्या रोगांवर काम करण्यासाठी उभी राहिलेली ही संस्था आता मांस, दूध आणि अंड्यांच्या प्रक्रियेवरही संशोधन करते. त्यातला एकच प्रश्न आज मी घेतो, कारण तो पुणे जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांचा रोजचा प्रश्न आहे.

अंड्यांसाठी पाळलेली लेअर कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिचे अंडे परवडेनासे होते आणि ती मिळेल त्या भावाने विकली जाते. तिचे मांस चिवट असते. वयाबरोबर स्नायूंभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांशी घट्ट जोडले जातात; कोवळ्या ब्रॉयलरमधले कोलॅजेन शिजताना सहज विरघळते, हिचे विरघळत नाही. म्हणजे दोष मांसाच्या पोषणात नाही, रचनेत आहे, आणि रचना यंत्राने मोडता येते.

म्हणून या मांसाचा खिमा करतात. त्यात दीड-दोन टक्के मीठ घालून यंत्रात फिरवले की सुट्टा, ओलसर खिमा पाहता पाहता चिकट होऊन पात्याला धरू लागतो. मायोसिन हे प्रथिन मिठाच्या पाण्यात उतरल्याची ती खूण होय. हेच प्रथिन पाणी आणि चरबी धरून ठेवते, आणि नगेट किंवा सॉसेज शिजल्यावर त्याला घट्टपणा देते. मात्र यंत्राच्या घर्षणाने मिश्रण तापते. ते बारा अंशांच्या फार वर गेले तर चरबी सुटते, म्हणून पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. पाककृतीत नुसते ‘पाणी’ लिहिणाऱ्यांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे.

माझी खरी काळजी पुढची आहे. नगेट गोठवून ठेवायचे तर कारखान्यापासून दुकानापर्यंत उणे अठरा अंश तापमान सांभाळावे लागते, आणि ते जुन्नर किंवा इंदापूरच्या एखाद्या महिला बचत गटाला झेपणारे नाही. अशा गटासाठी कोंबडीचे लोणचे हाच मला अधिक योग्य मार्ग वाटतो: मांस आधी प्रेशर कुकरमध्ये मऊ करावे, तळावे, मग तेल, मसाला आणि व्हिनेगर घालावे. येथे अंदाज चालत नाही. लोणच्याचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली, आणि तोही मांसाच्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उतरला, तरच बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकत नाही. तेलाचा थर हवा रोखतो, पण या जंतूला हवा नकोच असते, म्हणून नुसत्या तेलावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून गटाला अनुदान देताना भांड्यांच्या यादीत सामूमापक यंत्र असलेच पाहिजे, आणि प्रत्येक घाण्यातला तुकडा बारीक वाटून त्याचा सामू वहीत नोंदवला गेला पाहिजे.