भाड्याची खोली जुलैत बघा

नमस्कार. साखळी, डिचोली, मये, वाळपई, कुठनं कुठनं आलायत तुम्ही सगळे, घरातलं आवरून, त्यामुळं प्रास्ताविक लांबवत नाही. तुमच्यात शिवणकाम करणार्‍या बर्‍याच जणी आहेत, काहींचं मसाले, आमसुलं, काजू यांचं पॅकिंग आहे, मोबाइल रिपेअरिंगवालेही दिसतायत. सगळ्यांचा प्रश्न एकच, हातात पैसे थोडे आहेत तर कामाची जागा उभी कशी करायची.

माझं म्हणणं सरळ आहे. गोव्यात थोड्या पैशांत जागा करायची तर पहिले पैसे पावसाचं पाणी बाहेर ठेवण्यावर आणि वायरिंगवर घाला, टेबल, कपाट, बोर्ड सगळं नंतर. होतं काय, की बोर्ड, पेंट, काचेचं काउंटर यात निम्मे पैसे जातात, आणि चवथीच्या तोंडावर, जेव्हा ऑर्डरी सगळ्यात जास्त असतात, तेव्हा कापडाच्या गठ्ठ्याला बुरशी लागते. इतकी मेहनत करणार्‍या माणसाचा माल असा फुकट जाताना बघवत नाही मला, म्हणून आज इथं बोलायला आलो.

आपल्याकडं वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जानेवारीत रंग मारलेली कुठलीही खोली छानच दिसते. म्हणून जमत असेल तर जागा जुलैत बघा, भर पावसात, आणि दार बंद करून पाच मिनिटं नुसते आत उभे राहा, वास आला की कळतं. उन्हाळ्यातच बघायची वेळ आली तर भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा बघा, तिथं रंगाचे पोपडे, पांढरी खारी पूड दिसते का, कपाट असेल तर मागं हात घालून बघा, वर कौलं असतील तर वाशांवर पाण्याचे काळे ओघळ आणि वाळवीची मातीची नळी शोधा, आणि मालकाला विचारण्याआधी शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो खरं सांगतो. चिर्‍याची भिंत, म्हणजे जांभ्या दगडाची, पाणी ओढते. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारला तरी तो सुटणार, आधी पाणी कुठनं येतंय ते बंद करायचं, फुटकं कौल, तुंबलेली पन्हळ, नाहीतर बाहेरची जमीन आतल्या लादीपेक्षा उंच झालेली असते, मग भिंत वाळू द्यायची आणि मग रंग. रॅक भिंतीला चिकटवू नका, अर्धा फूट मोकळी जागा सोडा, खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट वर. खाण्याचा माल असेल तर हे तुम्हाला स्वच्छतेसाठीही करावंच लागतं.

आता वीज. इथं काटकसर करू नका, हात जोडून सांगतो. प्लगसाठी 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, लाइट-पंख्याला 1.5 चालते, इस्त्री, पाकिटं सील करायचं मशीन, मिक्सर असल्या गोष्टी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लटकवायच्या नाहीत. 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, शॉक लागायला लागला की ते क्षणात लाइन तोडतं, ओल्या हातानं, ओल्या लादीवर काम करणार्‍या माणसासाठी याच्याइतकी महत्त्वाची वस्तू त्या खोलीत दुसरी नाही. आणि अर्थिंग आहे असं नुसतं ऐकून घेऊ नका, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आपली चिर्‍याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. शिवणाचं पॉवर मशीन घेत असाल तर सर्वो मोटरचं घ्या, क्लच मोटर तुम्ही थांबलात तरी फिरत राहते आणि बिल चढत राहतं, सर्वो फक्त शिवताना वीज खाते, आवाजही कमी.

उजेडाचं म्हणाल तर टेबल खिडकीजवळ, उजेड बाजूनं पडेल असं, पाठीमागनं नको, स्वतःचीच सावली कामावर पडते. धाग्याचा रंग जुळवायचा असतो त्यांनी ट्यूबच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा, 90 च्या वर लिहिलंय का बघा, थोडी महाग मिळते पण रंग फसत नाही.

फर्निचरवर मी फार वेळ घालवणार नाही. जुनं घ्या. किनारपट्टीवरची हॉटेलं सीझन संपला की सामान बदलतात, तेव्हा चांगली टेबलं-खुर्च्या कमी किमतीत निघतात, फक्त समुद्राच्या खार्‍या हवेतलं लोखंड घेताना पायांचे सांधे आणि वेल्डिंग तपासा. उभं राहून कापड कापायचं टेबल साधारण 3 फूट उंच हवं, वाकून कापलं की महिन्याभरात कंबर बोलायला लागते. प्लाय घ्यायचाच तर पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूआर घ्या, पार्टिकल बोर्ड आपल्या दमट हवेत फुगतो.

कागदपत्रांचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि पूर्ण फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंतचं कर्ज बिनतारण मिळतं. शिंपी, सुतार, कुंभार अशा 18 कामांसाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे, त्यात अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं पहिल्यांदा 1 लाखापर्यंत कर्ज, घरातल्या एकालाच मिळतं, तेव्हा कुणी अर्ज करायचा ते घरी बसून ठरवा. आणि डिपॉझिट देण्याआधी पंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन त्या खोलीत धंद्याचं लायसन मिळतं का विचारून या, आधी, नंतर नाही.

भाड्याचा करार करताना छपराची दुरुस्ती कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं कौल पाऊस सुरू झाल्यावर कुणी बदलून देत नाही. मालक ओळखीचा असला, नात्यातला असला तरी लिहून घ्या, उलट तेव्हा जास्तच, म्हणजे पुढं कटकट होत नाही. दोघी-तिघींनी मिळून एक खोली घेत असाल तर लाइट बिल कसं वाटायचं तेही त्याच कागदावर.

आता प्रश्न घेऊया. ज्यांनी आपल्या जागेचे फोटो मोबाइलवर आणलेत त्यांनी आधी पुढं या, आणि मीटर बोर्डाचा फोटो असेल तर तो सगळ्यात पहिला दाखवा.