घराला काय कमी आहे?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सैन्यभरतीतल्या गणित आणि इंग्रजीबद्दल. भरती म्हणजे धावणं आणि छाती मोजणं एवढंच आपल्याला दिसतं, पण नकाशावरचं अंतर काढा, तोफेचा कोन लावा, किती गाड्यांना किती डिझेल लागेल ते बघा, सगळी आकडेमोडच, आणि यंत्रासोबतचं माहितीपुस्तक वाचता आलं नाही तर ते कोटींचं यंत्र नुसतं लोखंड.

उदाहरण अमेरिकेचं घेतो, कारण एकतर तिथे ही परीक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि दुसरं म्हणजे तिथला एक किस्सा मला सांगायचाच आहे.

साल 1917. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, पोरांची प्रचंड भरती सुरू झाली, आणि रॉबर्ट यर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी सैन्याला म्हटलं की आम्ही यांची बुद्धी मोजून देतो. पेपर काढले दोन. अल्फा आणि बीटा. अल्फा इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी, बीटा न येणाऱ्यांसाठी. परत सांगतो, अल्फा वाचणाऱ्यांचा, बीटा न वाचणाऱ्यांचा. सतरा लाखांच्या आसपास माणसांनी हे पेपर दिले.

अल्फातलं गणित सुरू व्हायचं 30 माणसं अधिक 7 माणसं किती, इथून. सोप्पंय की! पण अशी 20 गणितं आणि वेळ 5 मिनिटं. (माझं स्पष्ट मत आहे, घड्याळ लावून गणित घेणं म्हणजे गणिताची परीक्षाच नव्हे, ती घाबरटपणाची परीक्षा. आमच्या पिढीला पावकी-निमकी तोंडपाठ करून घेतली ती चांगलीच गोष्ट, पण ती घोकायला कुणी स्टॉपवॉच घेऊन बसलं नव्हतं. असो.) अल्फाच्याच दुसऱ्या एका भागात प्रश्न असा की क्रिस्को म्हणजे काय, औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? आता तो तिथल्या स्वयंपाकघरातल्या तुपासारख्या गोष्टीचा ब्रँड, हे कालपरवा बोटीतून उतरलेल्या माणसाला कसं कळणार हो?

आणि आता बीटा. यात शब्दच नाहीत. परीक्षा घेणारा हातवारे करून दाखवणार, खोली भरलेली, काहींनी जन्मात पेन्सिल धरलेली नाही. चित्रं दिलेली, प्रत्येकात काहीतरी गायब, ते काढून दाखवायचं. टेनिसचं मैदान, जाळी गायब. ग्रामोफोन, कर्णा गायब. एक घर होतं, त्याला धुराडं नव्हतं. इटलीतल्या सिसिलीहून आलेला एक रिक्रूट बसला होता, त्याने ते घर बघितलं, आणि धुराडं हवं तिथे छानपैकी क्रूस काढला! त्याच्या गावाकडे घरावर तिथे क्रूसच असायचा ना. त्याच्या दृष्टीने घराला जे कमी होतं ते त्याने बरोबर ओळखलं होतं, माणूस नीट बघत होता, विचार करत होता. मार्क? शून्य. उत्तर चूक.

आणि अशा मार्कांवरून पुढे काय झालं ऐका. कार्ल ब्रिगहॅम नावाच्या दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञांनी 1923 मध्ये हेच आकडे घेऊन सांगितलं की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारी माणसं बुद्धीनेच कमी. आता त्याच आकड्यांत दिसत होतं की अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिला तितके मार्क जास्त, वीस वर्षं राहिलेल्यांचे तर तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला. वीस वर्षांत बुद्धी वाढते का भाषा येते? ब्रिगहॅमनी 1930 मध्ये आपलं म्हणणं स्वतःच मागे घेतलं, ते मात्र मानलं पाहिजे, आपल्याकडे टीव्हीवरच्या तज्ज्ञांपैकी कुणी घेतलंय कधी?

गंमत म्हणजे त्याच सैन्यात 1918 साली जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनला उलटा प्रकार चालू होता. इटालियन पोरांची वेगळी तुकडी, पोलिश पोरांची वेगळी, अधिकारी त्यांचीच भाषा बोलणारे, आणि बरोबरीने इंग्रजीचे वर्ग. तीच पोरं मग कामाला लागली.

आता आजचं पटकन सांगतो, वेळ कमी आहे. तिथली सध्याची परीक्षा ॲसव्हॅब. भरतीचा निकाल चार भागांवर, दोन गणिताचे, दोन इंग्रजीचे, म्हणजे शब्दार्थ आणि उतारा. आर्मीला साधारण 31 लागतात. पण 31 म्हणजे शंभरातले 31 प्रश्न बरोबर नव्हे, तुलनेसाठी घेतलेल्या तरुणांमध्ये शंभरातले 31 जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे, असं. परत सांगतो, बरोबर उत्तरांचे टक्के नव्हेत, इतरांच्या तुलनेत तुमची जागा.

आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला त्यांनी वर्ग सुरू केले, 21 ते 30 वर अडकलेल्यांना आधी आत घ्यायचं, पगार द्यायचा, गणित आणि इंग्रजी शिकवायचं, दर तीन आठवड्यांनी परत परीक्षा. बहुतेकांचे मार्क वाढले. जमलं की बेसिक ट्रेनिंग, 90 दिवसांत नाही जमलं तर घरी. चला, घड्याळ दाखवतायत मला काचेपलीकडून. नमस्कार.