गाण्यावर नाव कोणाचं?

(गंगाखेडच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, गंगाखेडात उभं राहून या विषयावर बोलायचं तर आधी जनाबाईचं नाव घेतलं पाहिजे. या गावची लेक. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करण्यात तिचा जन्म गेला, पण अभंगाच्या शेवटी ती 'नामयाची जनी' असं नाव ठेवून गेली. आज कितीही मोठा गवई तो अभंग गायला उभा राहिला, तरी शेवटच्या ओळीत त्याला जनीचं नाव उच्चारावंच लागतं. तेव्हा छापखाना नव्हता की कायदा नव्हता. तिनं नाव गाण्यातच ओवलं. ते काढलं तर ओळच तुटते. वामनदादा कर्डकांनीही तेच केलं. गावोगावच्या गायन पार्ट्या जयंतीला त्यांची गाणी म्हणतात आणि कडव्याच्या शेवटी 'वामन' येतो.

आता आपली कॉलेजची लेकरं मोबाइलवर जगभरचं ऐकतात. त्यांच्यातल्याच एकानं मला विचारलं, सर, या मोठमोठ्या पॉप गायकांचं नाव गीतकार म्हणूनही असतं, ती गाणी खरंच त्यांनी लिहिलेली असतात का?

काहींनी लिहिलेली असतात आणि काहींनी नसतात. एल्विस प्रेस्लीचं बघा. १९५६ साली त्याचं 'डोन्ट बी क्रूएल' अमेरिकाभर गाजलं. ते लिहिलं होतं ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकारानं, पण नावं दोन लागली, ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. एल्विसनं गाणं गावं असं वाटत असेल तर मानधनातला वाटा सोडायचा, हा त्याच्या भोवतीच्या माणसांचा व्यवहार होता. स्वतः एल्विसनं मात्र, आपण कधी गाणं लिहिलेलं नाही, हे मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलं होतं. तो थोर गायक होता. त्या गाण्यात त्यानं ओतलेला जीव कोणी नाकारणार नाही. पण जीव ओतणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत.

अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं १९७४ सालचं, तिनं स्वतः लिहिलेलं. एल्विसला ते गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकानं प्रकाशन हक्कातला, म्हणजे गीतकाराला गाण्यातून मिळणाऱ्या कमाईतला, अर्धा वाटा मागितला. एल्विसच्या तोंडून आपलं गाणं ऐकायचं तिचं केवढं स्वप्न होतं! तरी ती नाही म्हणाली, आणि रात्रभर रडली. पुढं १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं जगाच्या कानाकोपऱ्यात नेलं. गीतकार म्हणून नाव एकट्या डॉलीचंच राहिलं. व्हिटनी त्यानं कुठं लहान झाली?

म्हणून सगळे मोठे गायक चोर, असंही मी म्हणू देणार नाही. मायकल जॅक्सनला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. तो डोक्यातली चाल, ठेका, वाद्यांचे तुकडेसुद्धा तोंडानं म्हणून दाखवायचा, बाकीचे ते वाजवायचे. आपल्या शाहिरांची रीत याहून कुठं वेगळी होती? जनीच्या हाती तरी दौत-लेखणी कुठं होती? कागदावर कोणी उतरवलं यावरून कर्ता ठरत नाही. गायिका टेलर स्विफ्टची गाणी खरंच तिची का, अशा शंका घेतल्या गेल्या, तेव्हा २०१० च्या 'स्पीक नाऊ' या मूळ अल्बममधली सगळी गाणी तिनं एकटीनं लिहिली.

माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. समोर शेजारीण. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती पुरी करायची. अशी ओवी दोघींची, यात मला शंका नाही. पण नुसती ऐकलेली ओवी गोड गळ्यानं म्हटली, माहेरच्या गावाच्या जागी सासरचं गाव घातलं, म्हणून ती आपली, असं आजी कधी म्हणाली नाही. 'ही माझ्या मावशीची गं' असं आधी सांगायची. माझं माप तेच आहे. शब्द घडवले असतील किंवा चाल घडवली असेल, तर नाव लावा. गाताना एखादी हरकत घेतली, एखादी जागा सजवली, तर ते गायकाचं देणं आहे, आणि गायक ही काही कमी पदवी नाही.

हे मी तळमळीनं बोलतो त्याला कारण आहे. कॅसेटच्या काळात मी विठ्ठलाची चार गीतं लिहून दिली होती. कॅसेट आली तेव्हा 'गीत'पुढं गाणाऱ्याचं नाव होतं. मी तरुण होतो, गाणं निघालं हेच खूप, असं सगळ्यांनी समजावलं. मी गप्प बसलो. आजही एखाद्या दिंडीत त्यातलं एक ऐकू येतं, आणि आनंदाबरोबर पोटात तुटतं.

कोणी म्हणेल, ब्लॅकवेलनं तर राजीखुशीनं वाटा दिला. आपले पैठणचे एकनाथ महाराज बघा. 'एका जनार्दनी' असं लिहून त्यांनी आपल्या नावाला गुरूचं नाव जोडलं. देवगिरीच्या जनार्दनस्वामींनी ते मागितलं नव्हतं, त्यावाचून नाथांचं काही अडणार नव्हतं. ते दिलेलं नाव. 'नाही' म्हटलं तर गाणंच पडून राहील, अशा वेळी सोडलेलं नाव म्हणजे घेतलेलं नाव. डॉली 'नाही' म्हणू शकली, कारण ती स्वतः गाजलेली गायिका होती. नव्या पोरानं कशाच्या बळावर म्हणावं? २०२१ मध्ये तिकडच्या काही गीतकारांनी एकत्र येऊन जाहीर पत्र काढलं, की लिहिण्यात हात नसलेल्या गायकाला आम्ही प्रकाशनातला वाटा देणार नाही. एकट्याला जमत नाही ते असं जमतं.

आपला कायदाही लेखकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं, की हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमाच्या गीतकाराला आणि संगीतकारालाही चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत वाटा मिळाला. लेकरांनो, रेकॉर्डिंगला जाण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मित्र असला तरी घ्या.

आपण ऐकणाऱ्यांनीही जीभ सुधारली पाहिजे. 'जैत रे जैत'मधलं 'नभ उतरू आलं' आपण आशाताईंचं गाणं म्हणतो. शब्द पळसखेडच्या ना. धों. महानोरांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. मराठवाड्यात तरी हे सांगावं लागू नये.

आता इथली एक मुलगी तेच गाणं म्हणणार आहे. निवेदकांना विनंती, आधी कवीचं नाव घ्या, मग संगीतकाराचं, मग तिचं. तिचंही पूर्ण घ्या.